रेडमाइनमध्ये कस्टम फील्डचे दोन प्लगिन भिडतात तेव्हा

रेडमाइन (प्रोजेक्टमधली कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) सांभाळायचं काम ज्यांच्या नव्याने अंगावर आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्लगिन टाकणं, मायग्रेशन चालवणं, रीस्टार्ट करणं तुम्हाला येतंच, ते सोडतो. मी जिथे पुरता अडकलो होतो तेवढंच सांगतो.

एक प्लगिन अटीनुसार कस्टम फील्ड (आपण वाढवलेले रकाने) लपवणारा, दुसरा हिशेब करून फील्ड भरणारा. सुटे टाकले तर दोन्ही ठणठणीत. एकत्र टाकले की कुठलाही इश्यू (नोंदवलेलं काम) उघडा, ५०० एरर. प्रॉडक्शन लॉगमध्ये एकच ओळ: ‘स्टॅक लेव्हल टू डीप’, म्हणजे मेथड एकमेकींना न थांबता बोलावतायत. सर्व्हरची मेमरी वाढवत बसू नका, तिचा इथे संबंध नाही.

रेडमाइन रुबी भाषेत, रेल्स या फ्रेमवर्कवर लिहिलंय आणि प्लगिन त्याच्या मूळ मेथडवर आपला कोड चढवतात. त्याच्या रुबीत दोन प्रचलित पद्धती आहेत, अलायस आणि प्रीपेंड. अलायसवाला मूळ मेथडला वेगळं नाव देतो, जुन्या नावावर आपली मेथड बसवतो आणि तिच्यातून मूळ मेथडला बोलावतो. प्रीपेंडवाला आपलं मॉड्यूल क्लासच्या पुढे उभं करतो आणि ‘सुपर’ने मागे जातो. रेल्स ५.१ मधून ‘अलायस मेथड चेन’ (अलायसचं हे काम एका ओळीत करणारी सोय) गेली. २०१८ मध्ये रेडमाइन ४.० रेल्स ५.२ वर आलं, तेव्हा काही प्लगिनकारांनी प्रीपेंड घेतलं, काहींनी साध्या अलायसच्या दोन ओळींवर भागवलं.

आता दोघांनी इश्यूची ‘अव्हेलेबल कस्टम फील्ड्स’ ही एकच मेथड धरली आणि प्रीपेंड आधी लागलं, तर अलायसवाला ‘मूळ’ समजून उचलतो ती प्रीपेंडवाल्याची मेथड असते. तिचं ‘सुपर’ क्लासकडे येतं, तिथे अलायसवाल्याची मेथड बसलेली. ती पुन्हा प्रीपेंडवालीला बोलावते. हे चक्र थांबतच नाही. क्रम उलटा असता तर काहीच बिघडलं नसतं. आणि हा क्रम ठरतो कशावर? रेडमाइन प्लगिनचे फोल्डर नावाच्या वर्णक्रमाने लोड करतं, त्यावर!

इथे कुणीतरी अनुभवी माणूस सांगेलच, ‘फोल्डरचं नाव बदल, काम होईल.’ अजिबात करू नका. फोल्डर आणि प्लगिनचा आयडी जुळला नाही तर रेडमाइन चालूच होत नाही. आयडीही बदलला, तर मायग्रेशनच्या नोंदी जुन्या आयडीवर राहतात आणि तीच टेबलं पुन्हा बनवायचा प्रयत्न होतो. लॉग न उघडता उपाय सुचवणाऱ्यांचं मी आता ऐकत नाही.

प्लगिनमधल्या ‘रिक्वायर्स रेडमाइन’ या ओळीवरही विसंबू नका. ती फक्त रेडमाइनची आवृत्ती बघते, शेजारी कोणता प्लगिन आहे ते नाही.

घाबरू मात्र नका, डेटा सहसा शाबूत असतो. एरर इश्यू दाखवताना येते. रेल्सच्या कन्सोलमध्ये इश्यू क्लासचे ‘अ‍ॅन्सेस्टर्स’ (रुबी मेथड ज्या क्रमाने शोधते ती यादी) काढा. इश्यूच्या आधी जी मॉड्यूल दिसतील ती प्रीपेंडवाली. मग प्लगिनच्या फोल्डरात ‘अलायस मेथड’ शोधा आणि त्या दोन ओळी प्रीपेंडमध्ये बदला. बदल स्टेजिंगवर तपासा, स्वतःच्या गिट ब्रँचमध्ये ठेवा आणि प्लगिनकाराला दोन्ही प्लगिनच्या आवृत्त्यांसकट कळवा. नाहीतर पुढच्या अपडेटला तुमची दुरुस्ती पुसली जाईल.