इंटरनेट नसलेल्या शाळेसाठी स्टेलेरियमचा पेनड्राइव्ह कसा बांधावा

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या गावांत मोबाइलची रेंज टेकडीवर चढल्यावरच मिळते, तेथील शाळेच्या संगणकावर स्टेलेरियम हा आकाश दाखवणारा प्रोग्राम घालायचा असेल, तर लागणारी प्रत्येक फाइल आधीच पेनड्राइव्हवर भरून न्यावी. सहा लाखांहून अधिक तारे मूळ पॅकेजमध्येच असल्यामुळे मुलांना डोळ्यांनी दिसणाऱ्या आकाशासाठी वेगळी तारासूची उतरवण्याची गरज पडत नाही.

शाळेतले संगणक कोणते आहेत हे आधी विचारून घ्यावे. विंडोज १० किंवा त्यापुढील संगणकांना क्यूटी-६ वर (क्यूटी हा प्रोग्राम बांधण्याचा सॉफ्टवेअर-साचा) बांधलेला इन्स्टॉलर चालतो, परंतु विंडोज ७ वर तो चालत नाही. तेथे क्यूटी-५ वरचा लागतो, आणि यंत्र ३२ बिटचे असल्यास त्याच मालिकेतला ३२ बिटचा. लिनक्ससाठी अ‍ॅपइमेज ही एकच फाइल पुरते, मात्र ती संगणकावर उतरवून तिला चालवण्याची परवानगी द्यावी, कारण एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर अशी परवानगी टिकत नाही.

फाइल भरताना वीज गेल्याने अर्धवट प्रत घेऊन मी एकदा चाळीस किलोमीटर गेलो होतो. तेव्हापासून प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइलवरून काढलेला ठसा, जो फाइल जराही बदलली की बदलतो) प्रकाशित आकड्याशी जुळवल्याशिवाय मी पेनड्राइव्ह काढत नाही. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासूनच असते.

“हे चोरीचे तर नाही ना?” असे मुख्याध्यापक विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. स्टेलेरियम जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली असल्याने प्रती वाटण्यास पूर्ण मोकळीक आहे, पण वाटणाऱ्याने परवान्याचा मजकूर काढू नये आणि सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामचे मूळ लेखन, उपलब्ध करून द्यावा. त्याच आवृत्तीचा सोर्स कोड पेनड्राइव्हवर ठेवणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

सर्वाधिक काळजी स्थानाची घ्यावी. नेटवरून ठिकाण कळले नाही तर स्टेलेरियम पॅरिसचे आकाश दाखवते. तेथे ध्रुवतारा ४९ अंशांवर दिसतो आणि अगस्त्य तर कधी उगवतच नाही. यवतमाळमधून मात्र फेब्रुवारीच्या मध्यास रात्री ९ च्या सुमारास तोच अगस्त्य दक्षिण क्षितिजाच्या सुमारे १७ अंश वर झळकतो. आकाशातला इतका ठळक तारा पडद्यावर सापडला नाही, तर मुलांचा त्या पडद्यावरचा विश्वासच उडेल. म्हणून एफ-६ दाबून अक्षांश २०.४ उत्तर, रेखांश ७८.१ पूर्व भरावे आणि तेच कायमचे स्थान म्हणून नोंदवावे. त्यानंतर सेटिंग्जचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावा, म्हणजे पुढच्या यंत्रांवर तो तसाच ठेवता येतो. विंडोजमध्ये तो अ‍ॅपडेटातील रोमिंगमध्ये, तर लिनक्समध्ये होम फोल्डरमध्ये लपवलेला असतो.

शेवटी नेट बंद ठेवून प्रोग्राम उघडावा आणि पडद्यावरची तारीख-वेळ मनगटी घड्याळाशी ताडून पाहावी. जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवरील सेल संपलेला असला, की वीज जाताच तारीख कितीतरी वर्षे मागे जाते आणि गुरू-शनी भलत्याच राशीत दिसू लागतात. बहुतेक यंत्रांत सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेल बसतो. पेनड्राइव्हच्या पिशवीत असे दोन-तीन सेल आणि एक लहान स्क्रू-ड्रायव्हर कायम ठेवावा.