वॉलाय लागत नाही? आमिष बदलण्याआधी होडीकडे बघा

मे महिन्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात वॉलाय या तलावातल्या माशाचा हंगाम उघडला की ओळखीतलं कोणी ना कोणी एखादी जुनी १४ फुटी अल्युमिनियमची होडी आणि तिच्यासोबत ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन घेतंच. जूनमध्ये फोन येतो. ‘दादा, मासाच लागत नाही. तुम्ही आमिष कुठलं लावता?’ मी विचारतो, वारा कुठून होता? पलीकडे शांतता. होडी किती वेगाने सरकत होती? पुन्हा शांतता. आणि मग, ‘ते असू द्या, पण लीच लावू की मिनो?’

लीच म्हणजे जळू, मिनो म्हणजे बोटभर मासोळी. दोन्हीवर मासे लागतात, गांडुळावरही लागतात. छोट्या होडीतून रिकाम्या हाताने परतणारी मंडळी मी बघतो, तेव्हा आमिषाचा दोष क्वचितच दिसतो. होडी जागेवर नसते, किंवा नको तेवढी पळत असते, आणि गळ मासा असतो त्या खोलीवर पोचतच नाही.

एक बारीकशी गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुढे आणखी एक मासा येणार आहे, crappie. स्पेलिंग बघून त्याला ‘क्रॅपी’ म्हणू नका. मिनेसोटात तो ‘क्रॉपी’. आमिषाच्या दुकानात माझ्यावर एकदा हसून झालंय.

होडी पळते, गळ तरंगतो

वॉलायच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, मांजराच्या डोळ्यासारखा. म्हणून त्याला अंधुक उजेडात आपल्या भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. पहाट, संध्याकाळ, ढगाळ दिवस आणि वाऱ्याने पाण्यावर उठलेल्या लाटा या त्याच्या खाण्याच्या वेळा. इथले लोक त्या लाटांना ‘वॉलाय चॉप’च म्हणतात. पाणी आरशासारखं स्वच्छ, ऊन लख्ख, वारा नाही, असा दिवस फोटो काढायला उत्तम. भर दुपारी त्या पाण्यात वॉलाय शोधणं म्हणजे उपासाच्या दिवशी पंगत शोधणं.

म्हणजे पंचाईत अशी की जो वारा वॉलायला खायला लावतो, तोच आपल्या छोट्या होडीला जागेवर ठरू देत नाही. नवीन माणूस इथेच फसतो. इंजिन बंद करतो, गळ सोडतो आणि होडी वाऱ्यावर वाहू देतो. त्याला वाटतं, आपण हळूहळू चाललोय. जीपीएसवर बघावं तर वेग ताशी दोन मैल. हंगामाच्या सुरुवातीला, पाणी थंड असताना, जिग तळाजवळ खेळवायचा तर ताशी एक मैलाच्या आतच राहायला हवं. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. साडेतीन ग्रॅमचं ते डोकं दोन मैलांच्या वेगात १५ फुटांवरचा तळ कसा गाठणार? ते मध्येच कुठेतरी पतंगाच्या शेपटासारखं फरफटत येतं, आणि वॉलाय खाली तळाला चिकटून असतो.

जीपीएस नसेल तरी दोरी सांगते. गळाची नायलॉनची दोरी, कोकणात जिला तंगूस म्हणतात ती, पाण्यात शिरते तिथे बघा. साधारण ४५ अंशांत खाली जात असेल तर ठीक. होडीच्या मागे लांबवर पाण्याला जवळजवळ समांतर निघाली असेल, तर तुमचा गळ तळाशी नाही. अशा वेळी जड जिग लावणं हा अर्धाच उपाय. आधी होडी आवरा.

आवरायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ड्रिफ्ट सॉक, कापडी नरसाळ्यासारखी पिशवी. दोरीला बांधून पाण्यात सोडली की ती फुगते आणि होडीला मागे खेचून धरते. ती नव्हती तेव्हा मी पाच गॅलनच्या प्लॅस्टिकच्या बादलीला बुडाशी भोकं पाडून तिच्यावर दोन उन्हाळे काढले. दिसायला गबाळं, कामाला चोख.

दुसरा मार्ग इंजिन रिव्हर्समध्ये टाकून होडी उलटी चालवण्याचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टा वाटली होती. पण होडीचं पुढचं टोक हलकं आणि पाण्याबाहेर उंच असतं. सरळ जाताना वारा त्यालाच ढकलतो आणि ते सारखं भरकटतं. मागची बाजू वाऱ्याकडे करून, हाताने मूठ धरून इंजिन हळूहळू उलटं चालवलं की ते टोक काठीला लावलेल्या झेंड्यासारखं आपोआप वाऱ्याच्या रेषेत मागे राहतं. दगडी उंचवट्याच्या कडेकडेने, आठ-दहा फुटांची खोली धरून चालायला यासारखी युक्ती नाही. हे मात्र लाटा लहान असतानाच. मागच्या काठावरून पाणी उडून आत यायला लागलं की थांबा.

नांगर मागे बांधणं

ही चूक मासा घालवत नाही, माणूस घालवू शकते.

मिल लॅक्स हा तलाव सुमारे ५३० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडासाच लहान. इतका मोठा असून तो सर्वांत खोल जागी साधारण ४२ फूटच आहे. उथळ आणि अफाट पाण्यावर वारा सुटला की लाटा एकमेकींच्या पाठीवर चढल्यासारख्या, आखूड आणि उभ्या येतात. मी तिथे एका मे महिन्यात मेव्हण्याला घेऊन गेलो होतो. नांगर मागच्या कडीला बांधला, कारण ती माझ्या हाताशी होती. इतकं साधं कारण. मागे इंजिनाचं वजन, माझं वजन, पेट्रोलची टाकी, आणि आता नांगराच्या दोरीचा खाली जाणारा ताण. लाट आली की होडीने उचललं जायला हवं, ते दोरी होऊ देईना. पहिली लाट इंजिनाच्या बाजूने आत आली तेव्हा आम्ही हसलो. दुसरीने मिनोची बादली उचलली आणि ती माझ्या घोट्याशी तरंगायला लागली. गाठ भिजून इतकी आवळली होती की सुटेना. मासे साफ करायच्या सुरीने दोरी कापली आणि नांगर तलावाला दिला. मेव्हणा त्या दिवसानंतर फक्त किनाऱ्यावरून गळ टाकतो.

नांगर नेहमी पुढच्या टोकाला. होडीचा तोच भाग लाटा कापायला बनवलेला आहे. आणि दोरी भरपूर सोडा: वाऱ्याच्या दिवशी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट. २० फूट पाण्यात किमान १०० फूट. बऱ्याच जणांच्या नांगराला ५० फुटांचीच दोरी असते. ती जवळजवळ उभी ताणली जाते, नांगर तळात रुतण्याऐवजी वर उचकटला जातो आणि होडी घसरत राहते. मग लोक म्हणतात, ‘नांगर हलका आहे.’ हलका नसतो, दोरी अपुरी असते.

आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली घेऊन बसू नका. मेच्या मध्यावर इथलं पाणी दहा अंशांच्या आसपास असू शकतं. तेवढ्या गार पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचे हातही थोड्या वेळात ऐकेनासे होतात.

क्रॉपीच्या खाली गळ सोडणं

वॉलायची सवय लागलेला माणूस क्रॉपीलाही तळाशीच शोधतो. क्रॉपी वसंतात, पाणी १६ ते २० अंशांवर आलं की अंडी घालायला किनाऱ्यालगत लव्हाळ्यांत येतो, तेव्हा तो कोणालाही सापडतो. खरी परीक्षा त्यानंतर. उन्हाळ्यात आणि शरदात त्याचे थवे खोल पाण्यात, पण तळापासून बरेच वर, मध्येच लटकून असतात. त्याचे डोळे डोक्यावर वरच्या अंगाला असतात आणि तो वर बघून खातो. सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, मासे १८ फुटांवर दिसले तर आमिष १६-१७ फुटांवर हवं. २० फुटांवर सोडलंत तर त्याला ते दिसणारही नाही.

इथे सरकता तरंडा, म्हणजे स्लिप बॉबर, कामाला येतो. दोरीवर एक गाठ, तिच्याखाली मणी, मग तरंडा. गाठ जिथे, तिथे गळ थांबणार. ही गाठ अंदाजाने बांधणारे निम्मा वेळ चुकीच्या खोलीवर घालवतात. मी आमच्या कोकणातल्या कोळ्यांचं माप वापरतो: वाव. दोन्ही हात ताणून पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव, सुमारे सहा फूट. गळापासून अडीच वाव मोजले की १५ फूट झाले. शेजारच्या होडीतला माणूस हात पसरलेले बघून कधीकधी मलाही हात हलवून राम राम करतो.

क्रॉपीला जिग लहान हवा, एक ते दोन ग्रॅमचा. वॉलायच्या पेटीतलाच लावू नका.

झटका मारणं

क्रॉपीच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ असते. जोरात झटका दिला की गळ ते फाडून बाहेर येतो. काठी नुसती उचला, रीळ सैल ठेवा आणि होडीजवळ आल्यावर त्याला दोरीने वर न ओढता जाळीत घ्या.

वॉलायचं वेगळं. तो आमिष पाण्यासकट आत ओढतो, म्हणून हाताला कधी एकच ‘टक्’ लागतो, तर कधी फक्त वजन, ओल्या फडक्यात गळ अडकल्यासारखं. लागोपाठ टुकटुक लागत असेल तर बहुधा ते पर्च नावाचे मासे आहेत, पोरासोरांसारखे आमिष ओरबाडणारे. गळ चाटूनपुसून कोरा परत आला तर जागा बदला. मिनो शेपटीकडून अर्धा तुटून आला तर मात्र जागा सोडू नका. तिथे वॉलाय आहे, फक्त तुम्ही घाई केलीत. पुढच्या वेळी टक् लागला की काठीचं टोक क्षणभर त्याच्याकडे झुकवा आणि मग लांब, सलग ओढा.

दोरीचा सारखा गुंता होत असेल तर रिळाची कडी हँडल फिरवून मिटवताय का ते बघा. ती हाताने मिटवा. एवढ्यानेच बराच पीळ कमी होतो.

जळू हे उन्हाळ्याचं आमिष. थंड पाण्यात ती गोळा होऊन गळाला बसते, पोहत नाही. मेमध्ये मिनो, पाणी तापलं की जळू. आणि अल्युमिनियमच्या होडीत पक्कड खाली पडली तर उथळ पाण्यातल्या माशांना ते देवळातल्या घंटेसारखं ऐकू जात असावं. तळाला जुनी सतरंजी टाका.

हाव

मिनेसोटात उघड्या पाण्यात बहुतेक ठिकाणी एका माणसाला एकच काठी. दुसरी चालते ती हिवाळ्यात, बर्फातून. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये तीन चालतात, म्हणून तिकडून आलेले इथे हमखास दंड भरतात. किती मासे आणि किती लांबीचे ठेवायचे हे तलावागणिक बदलतं. त्या वर्षीचं नियमपुस्तक फोनमध्ये ठेवा.

याहून मोठी हाव पुस्तकात नसते. ३० फुटांहून खोल पाण्यातून वर काढलेल्या क्रॉपीच्या पोटातली हवा फुगते, कधी जठर तोंडात येतं. असा मासा सोडला तरी बरेचदा जगत नाही. तेव्हा घरी न्यायचे तेवढे झाले की ‘आता नुसते पकडू आणि सोडू’ म्हणत तिथेच बसू नका. उथळ पाण्यात जा, किंवा घरी जा. वॉलायला चिखलाचा वास नसतो. तिखट-हळद लावून रव्यात तळला तर रत्नागिरीचा माणूसही दुसरा तुकडा मागतो. सुरमई नाही ती, पण समुद्र इथून शेकडो मैल लांब आहे.

बूच

तलावातून बाहेर पडताना होडीच्या बुडाचं बूच काढून, सगळं पाणी सोडून मगच रस्त्याला लागायचं, हा इथला कायदा आहे. झेब्रा शिंपल्यांसारखे पाहुणे एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. उरलेले मिनोही पाण्यात सोडायचे नसतात, कचऱ्यात टाकायचे. पुढच्या वेळी वापरायचे असतील तर बादलीतलं तलावाचं पाणी ओतून सोबत आणलेलं पाणी भरायचं.

कायदा चांगला आहे, पण त्याच्यामुळे पुढच्या शनिवारी पहाटे पाच वाजता होडी बुचाशिवायच रॅम्पवर येते. मागे दोन गाड्या उभ्या, आपण घाईत होडी पाण्यात ढकलतो, आणि थोड्या वेळाने मोज्यांना गार लागतं. माझं बूच आता एका दोरीने गाडीच्या किल्लीलाच बांधलेलं असतं.