अणुभट्टीतला कचरा वेगळा कसा करायचा

नवापूरहून काकरापारचं अणुवीज केंद्र काही लांब नाही, आपली पोरं तिकडे कामाला लागतात, त्यांच्यासाठी सांगतो भाऊ. कचरा जिथे निघाला तिथेच वेगळा करा, ओला कापूस कोरड्यात गेला की जिनवाला अख्ख्या गाडीचा भाव पाडतो ना, तसंच एक जास्त रेडिएशनचा फिल्टर हातमोज्यांच्या ड्रममधे पडला की सगळा ड्रमच वरच्या कॅटेगरीत. मग रेडिएशन मोजायचा मीटर ड्रमला अगदी जवळ धरून रीडिंग घ्या, पण बॅकग्राउंड, म्हणजे आजूबाजूचं रेडिएशन, कमी असेल अशा जागी, नाहीतर शेजारच्या पाइपचंच मोजत बसाल! तासाला २ मिलिग्रेच्या (हे रेडिएशनच्या डोसचं माप) आत पहिली कॅटेगरी, २ ते २० दुसरी, त्यावर तिसरी. अल्फा किरण सोडणारा कचरा चौथी, तो या मीटरवर कळणार नाही, सॅम्पल लॅबला द्या. ड्रमवर तारीख टाकाच, रेडिएशन किती उतरलं ते त्यावरून कळतं: कचऱ्यातला किरणोत्सारी कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, सिझियम-१३७ ला तीस लागतात.