न्यूरॉन वाढले म्हणून लगेच खूश होऊ नका: गर्भातल्या मेंदूच्या प्रयोगांत या चुका टाळा

उंदराच्या गर्भात नॉच संदेश (शेजारच्या पेशी एकमेकींना देतात तो निरोप) अडवला, ई १२.५ ला, म्हणजे गर्भ साडेबारा दिवसांचा असताना, कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) कापून पाहिला, न्यूरॉन दुपटीने दिसले. वहीत निष्कर्ष उतरला: ‘नॉच काढला की न्यूरॉन वाढतात.’ सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच.

न्यूरॉन होऊ घातलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर डेल्टा हे प्रथिन मिरवते. ते शेजारणीच्या नॉच प्रथिनाला भिडलं की गॅमा-सिक्रिटेज हे एन्झाइम नॉचचा आतला तुकडा तोडतं. हा तुकडा केंद्रकात जाऊन आरबीपीजे या प्रथिनाच्या साथीने हेस-१ आणि हेस-५ ही जनुकं चालू करतो, आणि ती न्यूरॉन घडवणाऱ्या न्यूरोजेनिन-२ला दाबून ठेवतात. म्हणजे एक पेशी न्यूरॉन होते आणि शेजारणीला मूळपेशीच राहायला लावते. हा निरोप तोडला तर सगळ्याच एकदम न्यूरॉन व्हायला धावतात. बियाण्याचंच जेवण केल्यासारखं! पुढे पेरायला काही उरत नाही आणि शेवटी न्यूरॉन कमीच भरतात.

म्हणून एकाच दिवशी मोजू नका. ई १२.५ सोबत ई १६.५ सुद्धा घ्या, आणि न्यूरॉनबरोबर पॅक्स-६ व टीबीआर-२ ही खुणेची प्रथिनं दाखवणाऱ्या पूर्वपेशीही (ज्यांच्यापासून न्यूरॉन बनतात त्या पेशी) मोजा. ईडीयू (डीएनएची नक्कल करणाऱ्या पेशींत शिरणारी खूण) देऊन २४ तासांनी केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींतलं प्रथिन) रंगवा. ईडीयू आहे पण केआय-६७ नाही, त्या पेशी विभाजनातून बाहेर पडल्या. एकूण ईडीयू पेशींत त्यांचा वाटा किती, हा आकडा नुसत्या न्यूरॉनच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

दुसरी तक्रार नेहमीची: ‘हेस-१चं स्टेनिंग (रंगवून पाहणं) काही पेशींत दिसतं, काहींत नाही, अँटीबॉडी खराब आहे.’ कंट्रोल स्लाइड जरूर तपासा, पण बाटली फेकू नका. हेस-१चं प्रथिन स्वतःच्याच जनुकाला दाबतं आणि लवकर नष्टही होतं, त्यामुळे पूर्वपेशींत त्याची पातळी दर दोन-तीन तासांनी वरखाली होते. स्थिर केलेल्या ऊतीत प्रत्येक पेशी त्या झोक्यावर वेगळ्या जागी थिजलेली असते. २०१३ मध्ये क्योतोच्या गटाने एएससीएल-१ हे प्रथिन प्रकाशाने नियंत्रित करून दाखवलं, की ते झोके घेत राहिलं तर पेशी विभागत राहतात आणि सलग चढलेलं राहिलं तर न्यूरॉन होतात. मला तर हा या क्षेत्रातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो. ‘जनुक चालू की बंद’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्याच्या हातून तो निसटतो.

नॉच अडवायला डॅप्ट हे रसायन वापरत असाल तर एक लक्षात असू द्या: ते गॅमा-सिक्रिटेजला अडवतं, आणि हे एन्झाइम एन-कॅडहेरिनसकट बरीच प्रथिनं कापतं. नुसत्या डॅप्टवर ‘नॉचमुळे झालं’ असं लिहू नका. आरबीपीजे काढूनही तेच दिसतं का, ते बघा.

विंट या दुसऱ्या संदेशाबाबत तर ‘वाढवतो की कमी करतो’ हा प्रश्नच अपुरा आहे. २००२ मध्ये विंटचा निरोप पुढे नेणारं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन टिकाऊ केलेल्या उंदरांत पूर्वपेशी विभागतच राहिल्या आणि एरवी गुळगुळीत असणाऱ्या कॉर्टेक्सला घड्या पडल्या. पुढच्या टप्प्यावर मात्र हाच विंट पूर्वपेशींना न्यूरॉन व्हायला लावतो. प्रयोगाचा दिवस न लिहिता विंटचं काम सांगणं व्यर्थ.

राहिला वयाचा घोळ. मादीत प्लग (समागमाची खूण) दिसला त्या दिवसाची दुपार म्हणजे ई ०.५, हे गटातल्या सगळ्यांनी एकदा ठरवून घ्या. त्यातही कॉर्टेक्सची बाहेरची बाजू मध्याजवळच्या भागापेक्षा पुढे असते, त्यामुळे सेक्शन (ऊतीचा पातळ काप) तिरका गेला की डावी-उजवी बाजू वेगळ्या वयाची भासते. असल्याच एका ‘दोषा’मागे मी तीन आठवडे घालवले होते, दोष निघाला कापण्यासाठी ऊतीचा ब्लॉक बसवण्यात.