जुन्या बाईक्सच्या शोला जायचंय? मग मिसळ नंतर खा

नाशिकला विंटेज बाईक्सचा शो असला की आपली माणसं कशी जातात तर आधी मिसळ, मग चहा, मग कोणीतरी यायचंय म्हणून परत चहा, आणि साडेअकराला ग्राउंडवर. तोवर गाड्या लाइनीत लागलेल्या, मालक सावलीत जाऊन बसलेले, मग काय दोन सेल्फी काढायचे आणि घरी यायचं. म्हणून पहिलं काम हे की आठच्या आत गेटवर उभं राहायचं. मिसळ कुठे पळून जात नाही.

गेटवर का, तर गाडी चालत आत येताना जे कळतं ते स्टँडवर लावलेल्या गाडीत नाही कळत. जावा-येझदी असेल तर दोन सायलेन्सर, तो टणटणीत टू-स्ट्रोक आवाज आणि मागे ऑइलचा धूर. जुनी बुलेट असेल तर लांबूनच ठोके मोजता येतात. आणि एखादी बंद पडली तर सोन्याहून पिवळं, कारण मग ती चालू करताना बघायला मिळते! जुन्या बुलेटवाला इग्निशन ऑन करून किक हळूहळू दाबत नेतो, हेडलाइटजवळच्या अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधोमध आला की डिकॉम्पचा, म्हणजे सिलेंडरमधला दाब सोडणारा, छोटा लिव्हर ओढून किक किंचित पुढे सरकवतो, मग किक परत वर आणून एकच दणका. जावाचं अजून भारी, तिथे गिअरचा आणि किकचा लिव्हर एकच, तोच मागे उभा करायचा की किक झाली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीतरी तुटलं.

आत गेलात की लगेच चकचकीत गाडीकडे धावू नका. गर्दी तिथेच असते आणि बऱ्याचदा तिथला रंग, क्रोम, सीट सगळं गेल्या वर्षीचं असतं. मी आधी कोपऱ्यातल्या गंजक्या, मूळ रंगाच्या गाड्या शोधतो. टाकीवर मांडी घासून रंग उडालाय, अशी गाडी दिसली की थांबायचं.

आता दुर्मिळ कोणती हे कसं ओळखायचं. ब्रिटिश म्हणजेच दुर्मिळ असं डोक्यातून काढा. बीएसए एम २० बघाच, ५०० सीसीची साइड वाल्व्ह, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी सव्वा लाखाच्या वर बनल्या, पुढे गर्डर फोर्क (चाक धरणारा जुन्या पद्धतीचा स्प्रिंगवाला सांगाडा) आणि मागे शॉकअप नाहीच, सीटखालच्या स्प्रिंगवर सगळी भिस्त. पण आपल्याकडच्या काही गाड्या आता तितक्याच मुश्किलीने दिसतात. एन्फिल्डची डिझेल बुलेट, टॉरस, ही कितीजणांनी चालू असताना बघितलीय? किंवा एन्फिल्ड फ्युरी, मूळ डिझाइन जर्मन झुंडापचं आणि पुढे डिस्क ब्रेक, तेव्हा आपल्याकडे सगळे ड्रमवरच होते. राजदूत ३५० दिसली तर एचटी (हाय टॉर्क) की एलटी (लो टॉर्क) विचारा, एचटी साडेतीस बीएचपी आणि एलटी सत्तावीस, मालकाचा चेहरा लगेच खुलतो. टाकीवर येझदीऐवजी जावा लिहिलं असेल (२०१८ नंतरच्या नव्या सोडून) तर ती मैसूरच्या कारखान्यातली सुरुवातीच्या काळातली, तिथे १९६१ पासून गाड्या बनायला लागल्या.

टाकीवरच्या बॅजवर मात्र विश्वास ठेवू नका, मी ठेवला होता. एका शोमध्ये टाकीवर तीन रायफलींचा बीएसएचा बॅज बघून मी फोटो काढले, चार ग्रुपवर टाकले, आणि शेजारी उभे एक वयस्कर मेकॅनिक काका शांतपणे म्हणाले, "अरे बाळा, इंजिन बघ की." बुलेटचं इंजिन! बुलेटचीच फ्रेम, वर टाकी आणि बॅज चढवलेला. ग्रुपवरचे फोटो डिलीट करेपर्यंत माझा भाऊ हसून घेऊन मोकळा झाला होता. तेव्हापासून आधी इंजिन, मग हँडलच्या मानेजवळचा फ्रेम नंबर, मग इंजिनवरचा नंबर, आणि बॅज सगळ्यात शेवटी. नंबर कागदाशी जुळतात का हे मालकाला नीट विचारलं तर तो सांगतो.

नंबर प्लेटही बघा. एमएच १५ म्हणजे आपल्या नाशिकची, पण ही एमएचवाली पद्धत १९८९ पासूनची, त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या गाडीवर ती असेल तर नंतर कधीतरी रजिस्ट्रेशन बदललंय एवढं समजायचं, लगेच संशय नको. मध्येच व्हीए अक्षरं दिसली तर ती २०२१ च्या विंटेज नियमाखालची, गाडी पन्नास वर्षांच्या वरची आणि मूळ स्वरूपातली असावी लागते, नव्या नोंदणीची फी वीस हजार.

बोलायचं कसं, तर "काका, कोणत्या साली घेतली?" इथून सुरू करा. "किती देते?" हे विचारू नका, चाळीस वर्षं तेच ऐकतायत ते. "विकायची का?" हे तर अजिबातच नको. न विचारता सीटवर बसायचं नाही, पोरांना टाकीवर बसवायचं नाही आणि नुकत्या आलेल्या गाडीच्या सायलेन्सरपासून पोटऱ्या सांभाळा.

दुपारी गाड्या निघताना परत गेटवर या. दोन-चार तरी चालू होत नाहीतच, मालक इकडेतिकडे बघायला लागला की पुढे व्हा आणि धक्का मारा. मला टॉरसची पूर्ण हकिगत अशीच मिळाली, धापा टाकत, त्र्यंबक रोडच्या कडेला.