फॅक्स मशीन न घेता फॅक्स: लहान व्यवसायांसाठी मार्गदर्शक

पिंपरीतल्या माझ्या एका मित्राने मध्यंतरी अमेरिकेत, डेलावेअर राज्यात एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली. सॉफ्टवेअरचं काम, गिऱ्हाईक तिकडचं. नोंदणी घरबसल्या झाली, पण ईआयएन म्हणजे तिथल्या आयकर खात्याचा (आयआरएसचा) कंपनी क्रमांक काढायला गेला आणि गाडी अडली. अमेरिकी सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या परदेशी मालकाला तो अर्ज ऑनलाइन भरता येत नाही. एसएस-४ नावाचा फॉर्म भरून टपालाने पाठवा, फोनवर माहिती सांगा किंवा फॅक्स करा, असं उत्तर. "फॅक्स? तो अजून जिवंत आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न. 'झेरॉक्स, एसटीडी, फॅक्स' अशा पाट्या आपल्याकडच्या नाक्यांवरून कधीच उतरल्या, त्यामुळे प्रश्न रास्तच होता.

फॅक्स जिवंत आहे, पण ठराविक गल्ल्यांत. अमेरिकेतले डॉक्टर, औषधदुकानं आणि विमा कंपन्या आजही रुग्णांचे कागद फॅक्सने फिरवतात. पुण्यात बसून तिकडच्या दवाखान्यांचं मेडिकल बिलिंग करणाऱ्यांना हे नवीन नाही. कोविडच्या काळात जर्मनीतली आरोग्य कार्यालयं फॅक्सवर विसंबून असल्याची बरीच चर्चा झाली. जपानमध्ये तारो कोनो या मंत्र्यांनी २०२१ मध्ये सरकारी कचेऱ्यांतून फॅक्स काढायची मोहीम उघडली, तेव्हा कचेऱ्यांतूनच विरोध झाला. उलट ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने जानेवारी २०१९ पासून नवी फॅक्स यंत्रं घेणंच बंद केलं. तुमच्या गिऱ्हाइकाने, बँकेने किंवा एखाद्या परदेशी खात्याने फॅक्स मागितला नसेल, तर हा लेख इथेच मिटा. ईमेल पुरेसा आहे.

आत काय चालतं, थोडक्यात

जुनी दोन यंत्रं फोनवर एकमेकांशी शिट्ट्यांत बोलतात. पाठवणारं ११०० हर्ट्झचा सूर काढतं, घेणारं २१०० हर्ट्झने उत्तर देतं. मग वेग ठरतो आणि पान काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी होऊन पलीकडे जातं. हे व्याकरण 'ग्रुप ३' या नावाने १९८० मध्ये ठरलं आणि थोड्याफार सुधारणांसह अजून तेच आहे. इंटरनेट फॅक्समध्ये या शिट्ट्या तुमच्या वतीने सेवा देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर मारतो. तुम्ही त्याला पीडीएफ देता, तो पलीकडचा फोन लावतो. समोरच्या दवाखान्यातल्या यंत्राला कळतही नाही की इकडे यंत्र नाही, लॅपटॉप आहे. फॅक्स येतानाही तसंच. तुम्ही भाड्याने घेतलेल्या क्रमांकावर कॉल येतो, सर्व्हर तो उचलतो आणि पानं पीडीएफ होऊन तुमच्या खात्यात पडतात.

पायरी १: फक्त पाठवायचं आहे, की घ्यायचंही आहे?

सेवा निवडण्याआधी हा प्रश्न सोडवा. लोक घाईत उलटं करतात. फॅक्स पाठवायला स्वतःचा क्रमांक लागत नाही. महिन्याला दोन-चार पानं अमेरिकेत पाठवायची असतील, तर ब्राउझरमधून फाइल चढवून पाठवणाऱ्या मोफत किंवा पानागणिक पैसे घेणाऱ्या सेवा पुरतात. मोफत सेवेत मुखपृष्ठावर, म्हणजे फॅक्सच्या सगळ्यात वरच्या पानावर, त्यांची जाहिरात येते, तेवढं चालवून घ्यायचं.

उत्तर फॅक्सनेच येणार असेल, तर मात्र क्रमांक हवाच. आणि माझ्या मते तुम्ही महिन्याचे पैसे देता ते या क्रमांकासाठी. पाठवण्याची सोय सगळेच देतात. ईफॅक्स, फॅक्स.प्लस, ड्रॉपबॉक्स फॅक्स अशा सेवांची तुलना करताना ॲप किती सुंदर आहे ते बघत बसू नका. हे विचारा: क्रमांक कुठल्या देशाचा, कुठल्या शहराचा मिळेल? महिन्याला किती पानं, आणि त्यात आलेली पानंही मोजतात का? न गेलेल्या पानाचे पैसे कापतात का? सेवा बदलली तर क्रमांक बरोबर नेता येतो का? आणि मी सोडल्यावर तो दुसऱ्याला कधी देता?

शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व मित्राने स्वतःच्या खर्चाने शिकवलं. त्याने फुकटच्या चाचणी-महिन्यात क्रमांक घेतला, एसएस-४ पाठवला, 'गेला' अशी पावती पाहिली आणि कार्डावरून पैसे कापले जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या दिवशी खातं बंद केलं. फॉर्मवर उत्तरासाठी तोच क्रमांक लिहिला होता! आयआरएसच्या सूचनांत साधारण ४ कामाच्या दिवसांत उत्तर फॅक्सने येईल असं म्हटलं आहे, पण गर्दीच्या हंगामात आठवडेही जातात. त्याचा ईआयएन कुणाच्या तरी रिकाम्या खात्यात जाऊन पडला असेल, किंवा कुठेच नाही. सगळं पुन्हा करावं लागलं.

पायरी २: कागद फॅक्सजोगा करा

बहुतेक रडगाणी इथून सुरू होतात. पीडीएफ पडद्यावर झकास दिसते आणि पलीकडे उमटतो काळा चिखल. कारण साधं आहे. नेहमीच्या फॅक्समध्ये एका इंचात आडवे २०४ आणि उभे फक्त ९८ ठिपके असतात. १० पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला उंचीत जेमतेम १३ ठिपके येतात. इंग्रजी अक्षर त्यात कसंबसं तरतं. आपल्या देवनागरीला मात्र त्याच १३ ठिपक्यांत वेलांटी, अनुस्वार, रफार आणि उकार कोंबायचे असतात. म्हणून मराठी मजकूर असेल तर सेटिंगमध्ये 'फाइन' निवडा, म्हणजे उभे ठिपके दुप्पट होतात. अक्षर १४ पॉइंटचं घ्या, इंग्रजीला १२ चालेल.

फॅक्सला राखाडी रंग कळत नाही. तक्त्यातल्या फिक्या पट्ट्या, पानामागचं पुसट बोधचिन्ह, पिवळ्या हायलाइटरच्या रेघा, सगळ्याचे ठिपके होतात. ते काढा. ते वेळही खातात: साधं मजकुराचं पान अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं, छटांनी भरलेलं पान काही मिनिटं घेतं आणि मध्येच कॉल तुटण्याची भीती वाढते. सही काळ्या शाईने करा. आपला जांभळा गोल शिक्का तर हटकून गायब होतो, तेव्हा स्कॅन कृष्णधवल करून तो दिसतो का ते आधी पाहा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आपल्याकडे कुणी सांगत नाही. आपला कागद ए४, म्हणजे २१० बाय २९७ मिलीमीटर. अमेरिकेचा लेटर कागद २१६ बाय २७९. आपलं पान उंचीला १८ मिलीमीटरने जास्त, त्यामुळे पलीकडे तळाची ओळ कापली जाते किंवा दुसऱ्या पानावर सांडते. आणि तळाशी नेमकी सही असते. वर्डमध्ये पानाचा आकार आधीच 'लेटर' करा.

पायरी ३: पाठवा

क्रमांक देशाच्या कोडसकट लिहा: अमेरिकेसाठी अधिक चिन्ह, १ आणि पुढे १० अंक. आपल्या फोनची सवय म्हणून सुरुवातीला ०० लावू नका, बहुतेक सेवांना अधिक चिन्हच लागतं. ईमेलवरून पाठवणार असाल, तर 'प्रति'च्या रकान्यात फॅक्स क्रमांक, पुढे सेवेने दिलेला पत्ता, आणि पीडीएफ जोडलेली. काही सेवा ईमेलचा मजकूर मुखपृष्ठावर छापतात, म्हणून ईमेलच्या तळाची लांबलचक सही आणि 'झाडे वाचवा' काढून टाका.

मुखपृष्ठावर कुणासाठी, कुणाकडून, उत्तराचा फॅक्स क्रमांक आणि एकूण पानं एवढंच असावं. रुग्णाचं नाव किंवा खाते क्रमांक तिथे नको, कारण फॅक्स यंत्राच्या ताटात पडलेलं वरचं पान येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो.

वेळेचंही बघा. न्यूयॉर्कचे सकाळी ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. सरकारी लाइन त्यांच्या कामाच्या वेळात सतत व्यग्र असते, तेव्हा त्या खात्यांना आपल्या दुपारी पाठवा. तिकडे रात्र असते आणि यंत्र मोकळं. डॉक्टरच्या दवाखान्याला मात्र त्यांच्या वेळातच पाठवा, म्हणजे नंतर फोन करून 'मिळाला का' असं विचारता येतं.

जाहिरातीचे फॅक्स अनोळखी अमेरिकी क्रमांकांना पाठवायची हुक्की आली, तर आवरा. तिथे १९९१ च्या कायद्याने ते बेकायदा आहे, दर उल्लंघनाला ५०० डॉलर आणि जाणूनबुजून केलं तर १५०० पर्यंत.

पायरी ४: पावती जपा

'यशस्वी' या शब्दाचा अर्थ एवढाच की पलीकडच्या यंत्राने पानं घेतली. माणसाने वाचली असं नाही. तरी तारीख, वेळ, क्रमांक आणि पानांची संख्या असलेली ती पावती मूळ पीडीएफबरोबर एकाच फोल्डरात ठेवा.

या तारखेला वजन असतं. सिल इम्पोर्ट विरुद्ध एक्झिम एड्स या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चेक न वटल्याची नोटीस फॅक्सने दिली तरी ती लेखी नोटीसच. त्या प्रकरणात नोटीस आधी फॅक्सने आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर टपालाने गेली होती. तक्रारदाराने मुदत टपालावरून मोजली, न्यायालयाने फॅक्सवरून. तक्रार उशिराची ठरली. आता असा पुरावा कोर्टात द्यायचा झाला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागतं, आणि त्याबरोबर प्रमाणपत्र. वकिलाला पावतीची प्रिंट नेऊन देताना मूळ ईमेल पुसू नका.

घरात जुनं यंत्र आहे, त्याचं काय?

तांब्याची लाइन जाऊन फायबर आली आणि यंत्र मध्येच अडकायला लागलं, हे अनेक कचेऱ्यांत झालं आहे. दोष यंत्राचा नाही. इंटरनेटवरून जाणारा आवाज लहान तुकड्यांत जातो; बोलण्यातला एखादा तुकडा हरवला तर कान तो भरून काढतो, फॅक्सला ते जमत नाही. यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये टी.३८ नावाचं मानक आलं. तुमच्या फोन कंपनीला आणि ॲडॉप्टरला, म्हणजे यंत्र इंटरनेटच्या लाइनला जोडणाऱ्या डबीला, ते चालतं का, हे विचारा. चालत नसेल तर आवाजाची पद्धत जी.७११ ठेवा, जी.७२९ नको, कारण ती बोलणं दाबून छोटं करते आणि शिट्ट्यांची वाट लागते. यंत्राचा वेग सेकंदाला १४,४०० बिटवरून ९६०० वर आणा. चूक-दुरुस्ती, म्हणजे ईसीएम, बंद करा असा सल्ला तंत्रज्ञ देतात आणि पानं खरंच सुटतात, पण अधूनमधून एखादी ओळ गळते. बिलातला आकडा त्या ओळीत असू शकतो. मी ईसीएम चालूच ठेवीन आणि वेग कमी करीन.

दिवसाला शेकडो पानं असतील, तर स्वतःचा फॅक्स सर्व्हर हा तिसरा मार्ग आहे. तो सांभाळायला माणूस लागतो, लहान कंपनीने त्या वाटेला जाऊ नये.

आलेले फॅक्स कुणाच्या हाती?

सेवा घेतल्याबरोबर आलेले फॅक्स सहसा मालकाच्या ईमेलवर पडायला लागतात. मालक लग्नाला गावी गेला की चार दिवस कुणी बघत नाही. म्हणून कंपनीचा एक सामाईक पत्ता द्या आणि रोज कोण उघडणार ते ठरवा. रुग्णांचे कागद असतील तर जोडपत्र ईमेलवर येणं बंद करा. फक्त सूचना येऊ द्या आणि पान खात्यात लॉगिन करून पाहा. अमेरिकी दवाखान्यासाठी काम करत असाल, तर हिपा या १९९६ च्या, रुग्णांची माहिती गुप्त ठेवायला लावणाऱ्या कायद्याखाली फॅक्स सेवेबरोबर 'बिझनेस असोसिएट ॲग्रीमेंट', म्हणजे ती माहिती जपण्याचा लेखी करार लागतो. स्वस्त योजनांत तो बहुधा मिळत नाही, आणि ही गोष्ट पैसे भरण्याआधी लेखी विचारायची असते.

क्रमांक सोडायचा झाला, तर आधी तो जिथे जिथे दिला आहे तिथे कळवा: लेटरहेड, वेबसाइट, बँक, प्रत्येक अर्ज. त्यानंतरही किमान तीन महिने भाडं भरत राहा. मित्राने दुसऱ्या खेपेला तसंच केलं. ईआयएनचं पत्र आलं तेव्हा त्याने क्रमांक बंद करायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली, आणि ती आल्यावर आणखी एक महिना पुढे ढकलली.