चढउताराच्या किनारी शहरात मैत्रिणीकडे जाताना

नकाशावरचं अंतर पाहून पोहोचायची वेळ कळवू नका. त्यात चढ दिसत नाही. मी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम वापरते: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर १०० मीटर चढाला १० मिनिटं. दीड किलोमीटरवरचं घर १५० मीटर उंचावर असेल, तर १८ नव्हे, ३३ मिनिटं लागतात. थांबून समुद्र बघणार असाल (मी थांबतेच), तर आणखी.

दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून जाकीट जवळ ठेवा. वर बसने, खाली पायी. गुडघे दुखत असतील तर उलट करा, उतारच त्यांना जास्त छळतो.

मैत्रिणीला म्हणा, तुझ्या रोजच्या वाटेने ने. पायऱ्यांच्या बोळाच्या टोकाशी अचानक दिसणारं पाणी मला सगळ्या प्रेक्षणीय स्थळांहून प्रिय आहे.